वाकवलेला दांडा

औरंगाबाद,
१२ डिसेंबर १९६१

प्रिय पुंजाराम,

तुझं पत्र येऊन सोळा दिवस झाले. एवढ्या दिवसांत लासूर स्टेशनहून एखादी बैलगाडी इथं दोनदा येऊन परत गेली असती. तू वैतागला असशील आणि कडूबा शहरात जाऊन माजला असं घरात बोललाही असशील. चारचौघांत मी तुला पाटील म्हणतो, पण पत्रात पुंजारामच म्हणणार. निजामाच्या उर्दू शाळेत आपण एकाच सतरंजीवर बसून एकाच मौलवींच्या छड्या खाल्ल्या आहेत, तेवढा हक्क मला राहू दे.

तुझं म्हणणं सरळ आहे. रानडुकरांनी यंदा तुझा भुईमूग आणि मका उलथून टाकला, कलेक्टर कचेरीतून परवाना हाती पडला, नवी विलायती रायफल परवडत नाही. तेव्हा एखादी स्वस्त पण भरवशाची ॲक्शन बघून तिच्यावर मी तुला रायफल बांधून द्यावी, आणि बोल्टचा दांडा तुझ्या वडिलांच्या, आप्पासाहेबांच्या रायफलीला होता तसा खाली वाकवावा. शेवटच्या ओळीत तू लिहिलंस की काडतुसं मात्र तू नवीकोरीच घेशील, एकदा पोळलास तेवढं पुरे. नऊ वर्षं बंदुकीला हात न लावलेला माणूस पुन्हा बोल्टमागं डोळा लावायला निघाला आहे आणि तो बोल्ट माझ्या हातचा मागतो आहे. म्हणून हे पत्र मी एखाद्या अनोळखी गिऱ्हाइकाला लिहावं तसं, नीट, पायरी पायरीनं लिहिणार आहे. दांड्याचं आणि काडतुसांचं शेवटी.

ॲक्शन म्हणजे रायफलीचं मधलं पोलादी घर. त्यातून काडतूस नळीत जातं आणि मागून बोल्ट सरकून कडी लावल्यासारखा बंद होतो. नळी बदलता येते, लाकूड बदलता येतं, शिसवीच्या कुंद्यावर वेलबुट्टी काढून देणारेही पुष्कळ आहेत. ॲक्शन बरी नसेल तर हा सगळा नुसता शृंगार. बार उडाला की नळीत जेवढा जोर पुढं जातो तेवढाच मागंही येतो, आणि मागं आपला चेहरा असतो. म्हणून पैसे वाचवायचे तर लाकडात वाचव, पट्ट्यात वाचव, इथं नको.

तुझ्या ऐपतीत बसतील अशा सध्या तीनच जाती दिसतात. एक इंग्रजांच्या फौजेची. तिचा बोल्ट लोण्यासारखा सरकतो, भराभर बार काढता येतात. पण तिची कडी मागच्या अंगाला आहे, म्हणजे खोलीचं दार सोडून अंगणाच्या फाटकाला अडसर घालावा तसं. हलक्या काडतुसाला चालते, जोरदार काडतुसाला मी देणार नाही. दुसरी स्पेनची जुनी मॉझर. सगळ्यांत स्वस्त, दिसायला देखणी, म्हणून व्यापारी तीच आधी पुढं करतात. तिचं पोलाद मवाळ. भाव ऐकून तू हुरळून जाशील हे मला माहीत आहे, तेव्हा तिच्याकडं बघूच नकोस. राहिली जर्मन मॉझर. तिच्या बोल्टच्या तोंडाशी दोन जाड कान असतात आणि दांडा खाली पाडला की ते थेट काडतुसाच्या मागंच घट्ट अडकतात. जुनी असो, लिलावातली असो, वरून गंज धरलेली असो, मला चालेल. फौजी मापाची नळी काढून परवान्यात बसेल अशी नळी चढवता येईल. बाकी दोघींपेक्षा जरा महाग पडेल, पण नव्या रायफलीच्या चौथाईपर्यंतही जाणार नाही. तीच घे.

घेताना मात्र डोळ्यांवर भरवसा ठेवू नकोस. दिव्याची काजळी बोटानं दोन्ही कानांच्या मागच्या अंगाला लाव, बोल्ट बंद कर आणि पुन्हा उघड. काजळी दोन्हीकडं सारखी पुसली गेली पाहिजे. एकाच कानाची पुसली तर सगळा भार तो एकटा सोसतो आहे असं समज. मग एक बारीक कानस घे आणि कानाच्या कडेवर हलकेच फिरव. काचेवरून घसरावी तशी ती घसरली पाहिजे. चावली, कीस निघाला, तर ती ॲक्शन फुकट मिळाली तरी उचलू नकोस. कोणीतरी ती भट्टीत घातलेली आहे. या पोलादाचा कडकपणा वरच्या पातळ सालीत असतो. ते लाल झालं आणि सावकाश निवलं की साल मऊ पडते, आणि वरून काहीच दिसत नाही. आणखी एक. वापरात असताना कधी बोल्ट उचलायला जड जाऊ लागला तर तेल घालत बसू नकोस. बार बंद कर आणि ज्याला कळतं त्याच्याकडं घेऊन जा.

इथपर्यंत लिहून मी चार दिवस थांबलो होतो. दुकानात वीज आली आहे, तिचा दिवा एवढा पांढरा पडतो की काजळी कुठून आणायची हा प्रश्नच आहे, म्हणून एक चिमणी मी जपून ठेवली आहे. चतुराबाईचा खोकला थंडीनं वाढला आहे. ती रोज विचारते, "ल्हिलं का त्यास्नी?" आणि मी नाही म्हटलं की ताटात भाकरी जरा जोरातच टाकते.

या थंडीत बाबांची आठवण येते. ते गेले त्याला सहा वर्षं होतील. शिवनेच्या काठावरच्या आठ-दहा गावांत फकिरा लोहाराचा फाळ म्हटलं की लोक दुसरा भाव विचारत नसत. तू आणि मी भाता ओढायला भांडायचो आणि तुझी आई येऊन तुला कान धरून न्यायची. बाबांचा एकच कायदा होता. लोखंड अर्धं तापवायचं नाही. टोकाला काम असलं तरी सगळा तुकडा सारखा लाल करायचा, वाकवायचा आणि मग राखेत पुरून सकाळपर्यंत निवू द्यायचा. "आर्धं लाल आन् आर्धं काळं लोखंड रागावतं, मंग शेतात जाऊन तडकतं," असं ते म्हणायचे. त्यांचा एकही फाळ तडकलेला मी पाहिला नाही. मला जे काही येतं ते त्या राखेतून आलं, असं मी बरीच वर्षं अभिमानानं सांगत असे.

एक्कावन्न साली आपण दोघं हैदराबादला गेलो होतो ते तुला आठवतच असेल. पोलीस ॲक्शननंतर जमा झालेल्या हत्यारांतला काही माल लिलावात निघून व्यापाऱ्यांकडं आला होता. माझं दुकान नुकतंच उघडलं होतं, आप्पासाहेबांनी शब्द टाकला म्हणून मला परवाना मिळाला होता, आणि पहिलं मोठं काम त्यांचंच होतं. तू जेवणाच्या डब्यात पैसे बांधून घेतलेस आणि रात्रभर डबा उशाला घेऊन बसलास, त्यामुळं दोघंही उपाशी पोचलो. त्या ढिगातून जर्मन मॉझर मी निवडली. निवड चुकली नव्हती, हे आज दहा वर्षांनीही सांगतो. मी कानस मागितली म्हणून व्यापाऱ्यानं तोंड वाकडं केलं, पण मी ती फिरवली आणि ती घसरली. मी रायफल बांधली. आप्पासाहेबांची एकच तक्रार होती, सरळ दांडा घोड्यावर बसलं की मांडीला टोचतो, साहेबलोकांच्या रायफलीसारखा खाली वळवून दे. माझ्या दुकानात तेव्हा भट्टी नव्हती. मी बोल्ट गावी आणला, बाबांच्या भट्टीवर वाकवला. बाबांनी तो हातात घेऊन बघितला आणि मान डोलावली. आप्पासाहेबांनी मला फेटा बांधला.

वर्षभर ती रायफल छान चालली. बावन्नच्या दिवाळीनंतर ते एकदा शहरात आले तेव्हा म्हणाले, "कडूबा, बोल्ट जरा जड चाललाय रं." दुकानात गर्दी होती. मी तेल घातलं, चार वेळा पुढंमागं केलं आणि परत दिला.

पौषातल्या त्या सकाळी मी नव्हतो. तू होतास. तुझ्याकडूनच ऐकलं ते एवढंच की डुक्कर तुरीतून निघालं, आप्पासाहेबांनी बार काढला आणि ते डोळा दाबून खाली बसले. तू त्यांना गाडीत घालून लासूर स्टेशनला आणलंस आणि रेल्वेनं इथल्या दवाखान्यात. उजवा डोळा गेला. काडतुसं तू आणली होतीस, रेल्वेतून रिटायर झालेल्या एका गार्डाकडून, जुनी, स्वस्तात. त्यामुळं दवाखान्याच्या ओसरीत कोणाला दुसरं कारण शोधावं लागलं नाही. तू भिंतीला टेकून एकच म्हणत होतास, "म्याच केलं, म्याच केलं." मी तुझ्या शेजारी उभा होतो. आप्पासाहेब पट्टीखालून म्हणाले, "कडूबाच्या हातात खोट नाय. काडतूस सडकं निघालं. आन् पुंजारामला कुणी बोलायचं नाय." त्यांच्या त्या एका वाक्यावर माझं दुकान आजवर उभं आहे.

उरलेली काडतुसं तू शिवनेच्या डोहात टाकलीस. मोडकी रायफल ठाण्यात जमा झाली. बोल्ट माझ्याकडं राहिला, कारण निकामी तुकडा कोणाला नको होता. तो मी एका पत्र्याच्या डबीत ठेवला. पुढच्या पावसाळ्यात निजामी फौजेत हत्यारं दुरुस्त करणारे एक म्हातारे आर्मरर दुकानात चहाला बसले होते. त्यांनी डबी उघडली, बोल्ट उजेडात धरला आणि विचारलं, "इसको आग में किसने डाला, मियाँ?" मी म्हटलं, असाच आला आहे. त्यांनी कानस उचलली, कानावर एकदा फिरवली आणि कीस माझ्या तळहातावर ठेवून निघून गेले. नंतर दार लावून मी स्वतः फिरवली. ती चावली.

तर दांड्याचं असं आहे, पुंजाराम. दांडा वाकवायचा तर बोल्टचं तोंड ओल्या चिंध्यांत गुंडाळून गार ठेवायचं आणि फक्त दांडा तापवायचा. मी सगळा बोल्ट लाल केला आणि रात्रभर राखेत पुरला, फाळ पुरतात तसा. वर्षभरात मऊ कान थोडे थोडे मागं दबत गेले, म्हणून तो जड चालत होता, आणि त्यावर मी तेल घातलं. शेवटी त्या सकाळी मागं आधार न राहिल्यानं काडतूस मागल्या अंगाला फाटलं आणि जाळ थेट डोळ्यात आला. काडतुसांचं असं, की तुझ्या त्या जुन्या काडतुसांत काही खोट नव्हती. त्यांतली दोन तू मला आधी दिली होतीस. मी ती दुसऱ्या रायफलीत घालून नदीकाठी उडवून बघितली. दोन्ही चांगली उडाली. हे मला आठ वर्षांपासून माहीत आहे. बाबांना मी कळू दिलं नाही, तेवढं एक बरं केलं असं मला वाटतं. बाकी नुसती भीती होती. दुकान जाईल याची, आप्पासाहेबांनी टाकलेला शब्द खोटा पडेल याची, आणि तू काय म्हणशील याची. त्यातली शेवटची सगळ्यांत मोठी होती.

या पत्रासोबतच्या पार्सलात ती डबी आहे. तुझ्याकडं विळा घासायची कानस असेलच, ती फिरवून बघ म्हणजे माझ्या शब्दावर विसंबायला नको. पत्राची ही शेवटची पानं आप्पासाहेबांना दे, त्यांना स्वतः वाचू दे. पहिली पानं वेगळी काढून ठेव. त्यांतलं सगळं बरोबर आहे, कुठल्याही कारागिराला दाखव, तो तुला फसवू शकणार नाही. माझ्याकडूनच करून घ्यायची असेल तर ये. दांडा सरळच ठेवीन. नाही आलास तर मी समजून जाईन. नुसतं रायफलीचंच असतं तर ते एका कार्डावर मावलं असतं. पण तू नवी काडतुसं घेईन म्हणून लिहिलंस, आणि मला गेल्या आषाढातला लासूरचा बाजार आठवला. आप्पासाहेब माणसांना धडकू नयेत म्हणून तू त्यांच्या उजव्या बाजूनं चालत होतास, मान खाली घालून, आणि मी चार पावलं मागं होतो. नऊ वर्षं तू तसाच चालतो आहेस. ती जागा माझी होती.

तुझाच,
कडूबा