शेवटच्या फेरीचे फोटो

३ मार्च
परवा बाबांची बस ड्रायव्हर म्हणून शेवटची फेरी. फोटो अर्थातच मी काढणार. काका म्हणाले, स्टुडिओवाल्याला सांगू. साफ नकार दिला. फोटोग्राफीत मी उस्तादांना मानतो. त्यांनी चाळीस वर्षं फोटो काढले, पण एकाचाही चेहरा दाखवला नाही. हात, पाठ, सावल्या, बस्स. त्यांचं पुस्तक उशाशी घेऊन झोपतो. चेहरे काय, कुणीही काढतं.

५ मार्च
कमाल झाली! स्टिअरिंगवरचा हात. टोपीची सावली. रिकामी सीट. डेपोतले सगळे बाबांना मध्ये घेऊन ओळीने उभे होते, तेवढ्यात मी मागचं चाक टिपलं. असा उजेड पुन्हा मिळत नाही.

६ मार्च
ताईला येता आलं नव्हतं, म्हणून तिला सगळे पाठवले. तिने विचारलं, बाबा कुठायत? जाऊ दे. कलेची जाण घरात एकालाच असते. बाबा मात्र प्रत्येक फोटोला छान म्हणाले. चाकाकडे जरा जास्तच वेळ बघत होते.

८ मार्च
आईने फ्रेम आणलीये. भिंतीवर खिळाही ठोकलाय. मी चाक सुचवलं. ती रिकामी फ्रेमच पुसत बसली. रात्री मला जेवण गेलं नाही. ऊन बाधलं असणार.

९ मार्च
बाबांच्या कंडक्टरला सहज फोन केला. कुणी मोबाइलवर एखादा काढला असेल का? तो म्हणाला, तूच सगळ्यांना मोबाइल खिशात ठेवायला लावलेस ना. लावले होते खरे. माझी फ्रेम बिघडत होती.

१२ मार्च
उस्तादांचं प्रदर्शन. धीर करून विचारलं, चेहरे का टाळता? म्हणाले, मुळात लाजाळू. अनोळखी माणसाला समोर उभं राहा म्हणायची हिंमतच झाली नाही. आणि घरच्यांचे? म्हणाले, त्यांचे सरळ समोरून, हसा म्हणून. घरी येईपर्यंत स्वतःची लाज वाटत होती.

१४ मार्च, सकाळ
ठरलं. आज बाबांचा फोटो. समोरून. झाली चूक, होते माणसाकडून.

१४ मार्च, दुपार
बाबा दाढी करून, इस्त्रीचा युनिफॉर्म घालून गच्चीवर आले आणि आपणहून माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. हातही गिअरवर असल्यासारखा धरला. इकडे वळा म्हटलं, तर म्हणाले, अरे, तुला आवडतं तसंच काढ. माझ्याच्याने बटण दाबवेना. शेवटी आई मोबाइल घेऊन त्यांच्यासमोर गेली.

फ्रेममध्ये तोच लागला. बाबा मोकळे हसतायत, अगदी स्पष्ट. मागे मीही आलोय. तोंडासमोर कॅमेरा.