ताईसाठी बदललेला शेवट

आबा, तुम्ही आम्हाला सांगितलेली ती रशियन कादंबरी मी अखेर स्वतः वाचली. लेकीनं लायब्ररीतून आणली होती. शेवटचं पान वाचलं आणि डोक्यात अशी तिडीक गेली, की दूध उतू गेलं तरी जागची उठले नाही. तुम्ही हयात असता तर पहिल्या एसटीनं बारामतीला येऊन भांडले असते.

सन तीस-पस्तीसच्या मधली गोष्ट. ताई इंदापूरचं सासर सोडून आलेली, दंडावर वळ घेऊन. तुम्ही शाळेत इंग्रजीचे मास्तर; आपल्या कोऱ्हाळ्याच्या भावकीत इंग्रजी पुस्तक वाचणारे एकटेच. संध्याकाळी स्वयंपाकघरात पाटावर बसून ते जाडजूड पुस्तक मांडीवर घ्यायचात आणि वाचता वाचता मराठीत सांगायचात. आई भाकरी थापतेय, मी शेंगा फोडतेय, ताई चुलीत जाळ सारतेय. गोष्टीतली बाईही नवऱ्याचं घर सोडून निघालेली. ताईचा हात मध्येच थांबतो. "आबा, फुडं?"

आणि तुम्ही काय केलंत? त्याच महिन्यात एका पोरानं निबंधातल्या गोष्टीचा शेवट गोड केला, म्हणून त्याची वही ओसरीवर भिरकावली होतीत. माझ्यादेखत. "ही काय शुक्रवारची कहाणी आहे? कहाणी वेगळी, कादंबरी वेगळी! रशियन लेखक शेवट गोड करत नाही, खरा करतो." वा रे वा! खरा शेवट परक्या पोरांसाठी, आणि पोटच्या लेकीला कहाणी! शेवटच्या दिवशी पुस्तक मिटलंत, भिंतीकडं बघितलंत आणि म्हणालात, "ती माघारी आली. नवऱ्यानं दार उघडलं, पाय धुवायला पाणी दिलं. सुफळ संपूर्ण." अहो, त्या बर्फात कोण कुणाला पाय धुवायला पाणी देतंय? आई लगेच म्हणाली, "बघ, गेली न्हवं माघारी? आन् समदं ग्वाड झालं." दुसऱ्या दिवशी सकाळी ताईला इंदापूरच्या सर्व्हिस मोटारीत तुम्हीच बसवून आलात.

पुस्तकात काय आहे, ठाऊक होतं ना तुम्हाला? ती बाई दारापर्यंत येते, कडी वाजवायला हात उचलते आणि तशीच मागं फिरते. शहरात जाऊन शिवणकाम धरते. तिथंच कादंबरी संपते. मरतसुद्धा नाही हो ती, आबा! एवढा शेवट लेकीला ऐकवायला तुमची जीभ का रेटली नाही? ताईला त्याच वर्षापासून डाव्या कानानं ऐकू येत नाही. मी गेले की तिच्या उजव्या बाजूला बसते.

पुस्तक घेऊन मी इंदापूरला गेले. तिला सगळं सांगितलं, तुमच्या नावानं बोटंही मोडली. ती मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "ते खोटं हाय हे मला तवाच कळलं हुतं."

"मग गेलीस कशाला, बाई?"

"आबांनी जल्मात कधी खोटं सांगितलं न्हवतं. त्यांच्यावर खोटं बोलायची पाळी आली, म्हंजी घरात माझी किती अडचन झाली आसंल, ते बी कळलं."

मला तिथं बसवेना. परतीच्या गाडीत तुम्हाला मनातल्या मनात काय काय बोलले ते लिहीत नाही. हे पत्र तरी कुठं टाकणार आहे मी? पण एक कबूल करते. अजूनही मला तुमचाच शेवट आवडतो, आबा, आणि त्याचाच जास्त राग येतो.