तिसऱ्या तारेचा नट आणि वन्संचा पाय

मी खाली सही करणारी, धंदा वाद्यदुरुस्ती, वय वर्षे एकाहत्तर, गल्लीत पानाबाई म्हणून ओळखली जाणारी, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय आणि दोन कप चहा पोटात गेल्यावर हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहून ठेवते.

कलम १. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक माझ्या एकुलत्या एक लेकीला. जिन्याची तिसरी पायरी हलते हे तिला ठाऊक आहे. जावईबापूंना ठाऊक नाही, आणि कोणी आगाऊपणा करून सांगू नये.

कलम २. सगळे पाने, कानशी आणि पक्कड पियानो लावणाऱ्या शेजाऱ्यांना. निम्मी हत्यारं उसनी म्हणून नेलेली त्यांच्याकडेच आहेत. उरलेली नेऊन संच पूर्ण करावा.

कलम ३. माझी पेडल स्टील गिटार. ही टेबलासारखी आडवी असते. पेडल दाबलं की खालची सळई ओढली जाते आणि तार चढते. सोडलं की तार मूळ सुरावर यायला हवी. वीस वर्षं वाजवायच्या माझ्या वन्सं, म्हणजे यजमानांच्या थोरल्या बहीण, आणि सुरात लावायचे मी. अकरा वर्षांपूर्वी भर कार्यक्रमात तिसरी तार परत येईना, केसभर चढीच राहू लागली. मी दोनशे माणसांदेखत म्हणाले, "वन्सं, पाय आहे की हातोडा?" त्या उठल्या त्या उठल्याच. नंतर घरी आल्या, चहा प्यायल्या, पण गिटारीकडे ढुंकून पाहिलं नाही. सबब सदर गिटार संगीतशाळेस द्यावी, वन्संना मुळीच देऊ नये. साक्षीदार म्हणून मी वन्संनाच बोलावलं आहे. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, असं वकीलबाई सांगतात. बसा म्हणावं आता सही करत!

काल इथवर लिहिलं आणि मला झोप फार छान लागली.

कलम ३, सुधारून. आज सकाळी शाळेसाठी सूचना लिहाव्यात म्हणून गिटार उलटी केली. तिसऱ्या तारेच्या सळईचा नट पार आवळलेला. तिथे नखभर ढील लागते, नाहीतर पेडल सोडलं तरी सळई तारेला सोडत नाही. त्या कार्यक्रमाच्या दिवशी घाईघाईत तो आवळणारा हात दुसऱ्या कोणाचा असणार? माझाच! अर्धा फेरा सैल केला. तार सुतासारखी सरळ जागेवर आली. लाज वाटली, खूप वाटली, आणि मग हसूच आवरेना.

तेवढ्यात वन्सं आल्याच. मी कागद त्यांच्या हातात दिला आणि म्हणाले, "वन्सं, चूक माझी होती. पाय तुमचा सोन्याचा आहे."

त्यांनी चष्मा पुसून सगळं वाचलं. "अगं, अर्धा फेरा? आणि त्यासाठी अकरा वर्षं?"

"नट जुना होता हो."

"नट नाही, तू!" म्हणाल्या, आणि आम्ही दोघी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो.

सबब गिटार वन्संना. त्या माझ्याहून पाच वर्षांनी मोठ्या असल्या तरी माझ्याआधी जाणार नाहीत; तेवढा हट्ट त्यांच्यात आहे. माझ्या हयातीत गिटार इथेच राहील, वाजवायची तर दर शनिवारी यावं लागेल.

सूचना: आधी पेडलवरून पाय काढून मोकळ्या तारा लावाव्यात, मग पेडल दाबून सळईच्या टोकाचा नट. पेडल दाबल्यावर बाकीच्या तारा किंचित उतरतात. लाकूड वाकतं म्हणून, तो कोणाचा दोष नव्हे. रागात नटाला हात लावू नये.

ठिकाण: माझ्या घराची पुढची खोली. दिनांक: १४ मार्च, शनिवार.

सही: पानाबाई

साक्षीदार १: वकीलबाई (सही)

साक्षीदार २: वन्सं. हे नाव मी खोडलं आहे. सही केली तर गिटार मिळणार नाही, असं वकीलबाईंनी बजावलं. वन्संनी पेनाला टोपण लावलं आणि थेट गिटारीपुढे जाऊन बसल्या. त्यांच्याऐवजी वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई (सही). गिटार ऐकून त्या आपणहूनच खाली आल्या होत्या.