उशिरा उघडणारी झडप

४ मार्च, मंगळवार

हॉस्पिटलची जुनी व्हॅन चढावर बंद पडली. आत डायलिसिसचे तीन पेशंट, बॉनेटमधून वाफ, आणि चालवणारे कोण तर माझे बाबा. हॉस्पिटलच्याच गॅरेजात लागून मला जेमतेम पाच आठवडे झालेत, तरी साहेबांनी तपासणीचा कागद माझ्याच पुढे सरकवला.

रेडिएटर निम्मा रिकामा. बाबा म्हणाले, "सकाळी काठोकाठ भरलं होतं."

मिस्त्री टायरवर बसून हसले. "इंजिनीअरबाई बापाला कशाला धरतायत आता."

तेच लागलं. लिहून टाकलं — 'पाणी कमी. चालकाने निघण्यापूर्वी तपासले नाही.' खाली सही. घरात माझ्याआधी कुणी सहीपलीकडे काही लिहिलेलं नाही. आणि माझा पहिला अहवाल हा.

५ मार्च

जेवताना बाबा एवढंच म्हणाले, "तू बघून लिहिलंस ना? मग झालं."

मी पाहिला तो रिकामा रेडिएटर. त्यांनी तपासलं नाही, हे मी कुठे पाहिलं?

७ मार्च

सोमवारी निकाल. गाडी काढून घेणार, बाबांना फाटकावर बसवणार. एकवीस वर्षं व्हॅन चालवलेला माणूस!

आज सकाळी मी स्वतः पाणी भरलं आणि मिस्त्रींना शेजारी घेऊन त्याच चढावर गेले. तापमानाचा काटा चढत चढत तांबड्याला टेकला. मग झपकन खाली. पुन्हा वर.

"पाणी तर पुरेपूर आहे की," मिस्त्री परत आल्यावर म्हणाले, सगळ्या गॅरेजला ऐकू जाईल असं. "मग बाईंचा कागद काय सांगतो?"

त्यांच्या मते इंजिनमधलं पाणी अडवून धरणारं हेड गॅस्केट गेलंय. तपासलं — ठणठणीत. मला वाटलं रेडिएटर तुंबलाय. धुतला — स्वच्छ पाणी आलं. दिवस गेला, नखं काळी झाली, हाती भोपळा. शिकून आले म्हणजे काय शिकून आले?

८ मार्च

शेवटी बाबांना विचारलं. चार दिवसांत पहिल्यांदा. "गाडी तापते तेव्हा रेडिएटरची वरची नळी हाताला कशी लागते?"

"गार. काटा वर आणि नळी गार. मग एकदम चटका."

"मग हे आधी का नाही सांगितलंत?"

"तू विचारलंस, पाणी भरलं होतं का. तेवढं सांगितलं."

म्हणजे थर्मोस्टॅट. इंजिन आणि रेडिएटर यांच्यामधली झडप. पाणी तापलं की उघडून त्याला रेडिएटरकडे जाऊ द्यायचं, एवढंच तिचं काम. ही उशिरा उघडत असेल तर तोवर पाणी उकळून बाहेर. भरणाऱ्याने कितीही भरावं.

९ मार्च, रविवार

झडप काढून घरी आणली. पातेल्यात दोऱ्याने टांगली, शेजारी थर्मामीटर. आई डोकावून गेली. "मीठ घालू का?"

तिच्यावर ८२ कोरलंय. ब्याऐंशीला ढिम्म. नव्वदला ढिम्म. शहाण्णवला केसाएवढी फट. पाणी खदखदायला लागलं तरी अर्धीच उघडलेली. मग गार पाण्यापासून सुरुवात करून नवी टांगली. ब्याऐंशीला हलली, बघता बघता उघडली. दोन्ही तीन तीनदा तपासल्या. आता न बघता काही लिहायचं नाही.

नवा अहवाल केला. 'पहिल्या अहवालातील दुसरे वाक्य मी खात्री न करता लिहिले.' ही ओळ सहा वेळा खोडली, सातव्यांदा राहू दिली. का लिहिलं, ते मात्र फक्त इथे — दुसऱ्या कुणाचे वडील असते तर मी आधी नळीला हात लावला असता.

बाबांना अजून सांगितलं नाही. आधी साहेबांच्या हातात देते.

१० मार्च

साहेबांनी अहवाल वाचला आणि खणातून दुसरा कागद काढला. शुक्रवारची तारीख. कारकुनाच्या अक्षरात — 'पाणी न बघता गाडी काढली. चूक माझी.' खाली बाबांची सही.

"आता यातलं कोणतं खरं धरू?" साहेब म्हणाले.

धावत फाटकावर गेले. बाबा निकालाआधीच रखवालदाराच्या खुर्चीत बसले होते.

"असं कसं लिहून दिलंत?"

"तुझा कागद खोटा म्हणून मिस्त्री सगळ्यांना सांगत सुटला होता," ते म्हणाले. "पहिलीच सही होती तुझी."