मोठ्या आतड्यातला रविवार

शुक्रवार, ४ तारीख
आजपासून मी सुधारलो. फायनल. कारण पुढच्या शनिवारी दोस्तांचा कॅम्प. तंबू, नदी, आईबाप नाहीत. आईची अट एकच. रविवारी चिमणीला घेऊन सगळे मुलांच्या म्युझियममध्ये जाणार. तिथे माझी एकही तक्रार आली नाही तर कॅम्पला जा. एवढंच? हातचा मळ. चिमणी म्हणाली, दादा झोपेत पण खोड्या काढतो. बहीण म्हणून सोडलं.

शनिवार, ५
सुधारणा चालू. बाबांच्या ब्रशला मीठ लावलं, पण ते घरी. अट म्युझियमची आहे. बाबा चूळ भरत म्हणाले, तुझ्याएवढा असताना मी साखरेच्या डब्यात मीठ भरायचो, अख्खं घर थू थू करायचं. आई म्हणाली, तेव्हाच सासूबाईंनी बदडलं असतं तर आज मला एकच कार्टं सांभाळावं लागलं असतं.

रविवार, ६. सकाळ, गाडीत
संतासारखा बसलोय. आईने कपाळाला हात लावून ताप बघितला.

दुपार, म्युझियम
इथे एक भलंमोठं पोट आहे. कापड आणि फोमचं. पोरं तोंडातून शिरतात, घसा, जठर, आतडी असं रांगत जिथून निघायचं तिथून निघतात. बोर्ड: फक्त आठ वर्षांखालील मुले. मी चौदाचा, पण मनाने निर्मळ. प्लॅन: मागच्या बाजूने उलटं शिरायचं, चिमणी समोर आली की एक जंगी ढेकर. याला खोडी म्हणत नाहीत. शिक्षण म्हणतात.

थोड्या वेळाने, मोठं आतडं
मोबाईलवर लिहितोय. अंगठा तेवढाच हलतो. खांदे अडकलेत. प्लॅन बरोबर होता, आतडंच अरुंद बांधलंय. समोर चिमणी, तिच्यामागे पोरांची लाइन. ढेकर दिला. कुणी घाबरलं नाही. एक बोबडं पोरगं म्हणालं, काका, सलका. काका!
म्युझियमवाल्या ताईंनी माइकवर सांगितलं, पोटाला जरा बद्धकोष्ठ झालंय, पालकांनी धीर धरावा. माझं नाव नाही घेतलं. म्हणजे ही तक्रार नाही.

अजून आतच
वाचलो! बाबा तोंडातून शिरलेत मला सोडवायला.

अजून आतच
बाबा घशात अडकले. वर बाप, खाली मी, मध्ये पोरं. बाबांनी ओरडून विचारलं, तू ढकलतोस का मी ढकलू? पोरं म्हणाली, दोघं ढकला. बाहेर आई कुणाला तरी सांगत होती की ती आमच्याबरोबर आलेलीच नाही.

संध्याकाळ
शेवटी सिझेरियन. ताईंनी पोटाची शिवण उसवली. आधी पोरं, मग मी, मग बाबा. लोकांनी टाळ्या वाजवल्या.
चांगली बातमी: मॅनेजरने तक्रार केली ती बाबांची! म्हणाले, पोराचं सोडा, एवढ्या बाप्याला कळू नये? माझ्या नावावर काही नाही. अट पूर्ण. बॅग भरायला घेतली.

शनिवार, १२
आईने अट नीट समजावून सांगितली. थोडी वेगळी निघाली.
बाबा आणि मी म्युझियममध्ये पोट शिवतोय. ताई प्रत्येक टाका ओढून बघतात आणि माझे परत उसवतात. दोस्तांचा नदीतला फोटो आला, खाली विचारलंय, तू कुठे तडमडलास? लिहिलं, एका ऑपरेशनमध्ये बिझी आहे. तेवढ्यात सुई बोटात घुसली.
पेशंट ठीक आहे.