बोट सरळ होती

बाबा, गेल्या वर्षी मी बोट घेतली. नवी नाही, कुणीतरी दहा वर्षं वापरलेली, पण खास वॉटर-स्कीसाठी, म्हणजे पायाला फळी बांधून बोटीमागे दोराने पाण्यावर ओढलं जाण्यासाठी, बनवलेली. बसकी, रुंद, मागे फारशी लाट न उठवणारी. भोपाळच्या मोठ्या तलावात आता मोटरबोट नेऊ देत नाहीत, म्हणून रविवारी सकाळी मी आणि माझा नवरा ती गाडीला जोडून दोन तासांवरच्या धरणावर नेतो. चव्वेचाळिसाव्या वर्षी मी पुन्हा एका स्कीवर उभी राहते. गुडघे कुरकुरतात, तळहातांना घट्टे पडलेत, ऑफिसात फाइल धरताना ते जाणवतात आणि मी उगाच खूश होते. अंग झुकवून बोटीची लाट कापत निघालं की दोर ताणतो, सगळं वजन टाचांवर येतं, आणि पाण्यावर तरंगणाऱ्या खुणेच्या गोळ्याला वळसा घालताना क्षणभर दोर हातात नसल्यासारखा वाटतो. तेवढ्यासाठी मी आठवडाभर थांबते. पाण्यातून बाहेर येताना दर वेळी वाटतं, हे तुम्हाला सांगावं. आणि दर वेळी मी दुसरंच काहीतरी बोलायला लागते.

तुमची बोट कारखान्याच्या क्लबने कंडम ठरवून लिलावात काढलेली होती. इंजिन नसलेलं, फायबरचं नुसतं खोकं. टाउनशिपमधल्या आपल्या क्वार्टरच्या अंगणात ती तीन वर्षं विटांवर उभी होती आणि आईला कपडे वाळत घालायला जागा उरली नव्हती. फ्रीज आणा म्हटलं तर जहाज आणलं, असं ती येईल त्याला सांगायची. शेजारचे काका रोज कुंपणापाशी थांबून विचारायचे, "भाईसाहब, अब ड्यूटी पे पानी के रास्ते जाएँगे क्या?" तुम्ही सकाळची पाळी करून सायकलवरून येता, चहा पिता आणि पाना घेऊन बोटीखाली शिरता, बाहेर फक्त तुमचे पाय दिसतात. इंजिन जुन्या जीपचं. पाण्याखाली फिरणारा पंखा मंडीदीपच्या एका ओळखीच्या फाउंड्रीत ओतून घेतलेला. कारखान्यात ज्याने जॉब, म्हणजे एखादा भाग, तयार केला त्याने त्यावर आपला टोकन नंबर ठोकायचा, म्हणजे बिघडला तर तो फिरून त्याच्याकडेच येणार. तुम्ही बोटीच्या मागच्या फळीवरही तुमचा नंबर ठोकलात. मी विचारलं, ही तर आपलीच आहे, नंबर कशाला? तुम्ही म्हणालात, सवय आहे.

स्लॅलम तुम्हीच शिकवलंत, आणि तुम्हाला स्वतःला स्कीवर उभंही राहता येत नव्हतं. क्लबच्या वाचनालयातल्या एका मासिकातली आकृती तुम्ही वहीत उतरवून आणली होती. सहा नारिंगी गोळे, तीन डावीकडे, तीन उजवीकडे. बोट मधून नाकासमोर जाते आणि मागची मुलगी दोराला धरून आळीपाळीने प्रत्येक गोळ्याच्या बाहेरून वळते. "तू कितीही ओढ," तुम्ही म्हणायचात, "माझी रेघ मोडायची नाही." आणि ती मोडत नसे. मी सोळा वर्षांची होते, चौथ्या गोळ्याला मला नेहमी उशीर व्हायचा, आणि तुम्ही दर वेळी गोल फिरून माझ्यापाशी येऊन इंजिन बंद करायचात. रागावायचा नाहीत. दोराचं हँडल माझ्याकडे ढकलायचात, बस.

राज्याच्या संघाची निवड होती तो दिवस मी इतक्या वेळा आठवला आहे की त्यातलं किती खरं उरलं असेल कोण जाणे. पण एवढं नक्की खरं आहे. क्लबची नवी बोट त्या सकाळी सुरूच झाली नाही, म्हणून तुमची मागवली गेली. काठावर साहेबांच्या मुली बसल्या होत्या, सारख्या निळ्या टोप्या घातलेल्या. मशीन ऑपरेटरची मुलगी मी एकटीच. निवड करणारे साहेब बोटीत तुमच्या शेजारी मागे तोंड करून बसले. त्यांची नजर माझ्यावर, बोट कुठे चालली आहे ते फक्त तुम्हालाच दिसत होतं. तीन गोळे झाले. चौथ्याला मी उशिरा वळले, दोर ढिला पडला, मग झटका बसला आणि मी पाण्यात. तुम्ही फिरून आलात, इंजिन बंद केलंत. काठावर कुणीतरी हसलं. मी म्हणाले, "सर, बोट हिल गई. बाईं तरफ चली गई."

हे मी ठरवलं नव्हतं. पण बोलताना मला माहीत होतं की हे पटेल. घरी जोडलेली बोट, जीपचं इंजिन, कुणाला पटणार नाही? साहेबांनी तुमच्याकडे वळून विचारलं, हिली थी? तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी नाकातलं पाणी काढायच्या निमित्ताने मान खाली घातली.

"हो सकता है, साहब," तुम्ही म्हणालात. "स्टिअरिंग मेरे हाथ में थी."

मला दुसरी संधी मिळाली. तुम्ही चावी क्लबच्या कोचकडे दिलीत आणि धक्क्यावर उतरलात. तुमची बोट दुसऱ्याच्या हातात होती आणि तुम्ही पँटचे ओले पाय पिळत उभे होतात. साहेब कोचला हसत म्हणाले, घर की बनी चीज है, इतना तो चलेगा. मी साही गोळे घेतले. संघात निवड झाली, कारखान्याच्या मासिकात फोटो आला. परत येताना तुम्ही मला पोहे-जिलेबी खायला घातलीत आणि एवढंच म्हणालात, "दुसऱ्या वेळी चौथ्याला लवकर निघालीस. छान." मी ते कौतुक समजून घेतलं आणि आणखी एक जिलेबी घेतली.

त्यानंतर तुम्ही बोट चालवली नाहीत. डोळ्यांवर पाण्याची तिरीप येते म्हणालात. खंडेनवमीला इंजिनाला हळदकुंकू लावायचात, झेंडूची माळ घालायचात, आणि पुन्हा ताडपत्री ओढून घ्यायचात. क्लबची नवी बोट होती, मी तिच्यामागे शिकत राहिले. तुम्ही निवृत्त झालात, क्वार्टर सोडून आपण नेहरू नगरला आलो, तेव्हा बोट भंगारात गेली. ती उचलताना मी घरी नव्हते, असं मी आजवर सांगत आले. मी आतल्या खोलीत होते.

आणि मग तो शेवटचा हिवाळा. तुम्ही गच्चीत उन्हाला बसला आहात, अंगावर घोंगडी, मी संत्रं सोलते आहे. तुम्ही अचानक विचारता, "त्या दिवशी बोट खरंच सरकली होती का गं?" मी फोड तुमच्या हातावर ठेवते आणि म्हणते, "थोडीशी, बाबा." तुम्ही म्हणता, "असेल." दीड महिन्याने तुम्ही गेलात. पुढे सोळा वर्षं मी स्वतःची समजूत घालत राहिले की तुमचीही खात्री नव्हती, आपला हात चुकला असेल असं तुम्हालाही वाटत असणार. मी खोटं बोलले होते, पण तुम्हाला ते ठाऊक नव्हतं; तेवढ्यावर मी भागवलं.

वर्षभर मी आमच्या बोटीचं स्टिअरिंग टाळलं. नवरा चालवतो, मी स्की करते, असं आपोआप ठरून गेलं होतं. पण धरणावर येणाऱ्या दुसऱ्यांच्या बोटीमागे शिकून एव्हाना त्यालाही तीन गोळे जमायला लागलेत, म्हणून मागच्या रविवारी त्याने मला स्टिअरिंगवर बसवलं. बाबा, हातांना सगळं कळतं. मागचा माणूस झुकला की बोटीचं बूड त्या बाजूला ओढलं जातं आणि आपण तळहाताने ते सावरून धरतो, दर गोळ्याला, एकदा इकडे, एकदा तिकडे. चौथ्याला त्याला उशीर झाला. दोर ढिला पडला तशी बोट एकदम हलकी होऊन पुढे सरली, मग मागून हिसका बसला. तो पाण्यात पडायच्या आधी मला कळलं होतं की तो पडणार, आणि का पडणार. मी बोट फिरवून त्याच्यापाशी नेली, इंजिन बंद केलं, आणि दोराचं हँडल त्याच्याकडे ढकललं.

म्हणजे तुम्हाला त्याच क्षणी कळलं होतं. पोहे खातानाही माहीत होतं. गच्चीतही तुम्ही तुमची शंका विचारत नव्हतात. शेवटचं एकदा मला बोलायला जागा करून देत होतात, आणि मी तुमच्या हातावर संत्र्याची फोड ठेवली.

बोट सरळ होती, बाबा. उशीर मी केला होता. हे कागदावर उतरायला इतकी वर्षं लागली आणि आता ते कुठे पाठवायचं हेही कळत नाही. हा कागद कपाटात, साड्यांच्या खाली जाईल. नवऱ्याने तुम्हाला पाहिलेलं नाही. परवा धरणावरून परतताना त्याने विचारलं, तुझे बाबा कसे चालवायचे गं बोट? मला सांगता आलं असतं. गाडीत आम्ही दोघंच होतो आणि रस्ता लांबचा होता. मी म्हटलं, बरी चालवायचे.