बुरुजाखालची ओटी

९ जानेवारी १९५४
मालू, लिही. शिरढोणची ठमाबाई पनवेलहून मचव्याने नातीच्या सासरी पोचली. किनाऱ्यावर सगळं माझ्याच वयाचं: फिरंग्यांच्या देवळाची भिंत, दगडी धक्का, टोकाला बुरूज. पडझडीला हात लावू नका, अशी सरकारने त्यांना पाटी लावली आहे. मला कुणी लावत नाही. मी ‘नाय’ म्हणते, ही माझी चौथी पास नात ‘नाही’ लिहिते. पणतीने, शांतीने, माझं बोट धरलं ते सोडेचना. चार दिवसांसाठी आले, महिनाभर राहीन म्हणते.

१२ जानेवारी
बुरुजाच्या पायथ्याशी शेंदूर फासलेल्या दगडांची ओळ आहे. मालूची सासू गुणाबाई म्हणाली, गावच्या देवी. नाकीडोळी बऱ्या आहेत, पण सगळ्या म्हाताऱ्या. शेवटची जागा सारवून रिकामी ठेवली आहे. कुणासाठी, विचारलं तर विहिणीने विषय भाकरीवर नेला. भाकरी मऊ होती, म्हणून सोडून दिलं.

१५ जानेवारी
संक्रांतीचं हळदीकुंकू. मी विधवा, मागच्या पडवीत बसले होते. बायांनी हाताला धरून पाटावर बसवलं, कुंकू लावलं, आणि मालूने माझी ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ. मी म्हटलं, बायांनो, या वयात नवरा कुठून आणू? एक हसेल तर शपथ. सगळ्या पाया पडल्या.

१७ जानेवारी
कुंकू पुसलं जात नाही. पाय जड, गार, घोट्यापर्यंत खरखरीत — मालू, हात लावून बघ, मग लिही. बघत नाही. शिरढोणला पोचव म्हटलं, तर मचवा नाही म्हणते. मचवा खिडकीतून दिसतोय —

१८ जानेवारी
विधवेची ओटी भरत नाहीत. देवीची भरतात.
गुडघे वाकत नाहीत —

१९ जानेवारी
मालू रडत बोलली. बुरूज पिढीला एक बाई मागतो, नाही दिली तर खाडी गाव गिळते. यंदा पाळी यांच्या घराची. विहिणीने स्वतःचा जीव राखून शांतीकडे बोट दाखवलं. मग मालूला मी आठवले.
अगं, विचारायचंस. पोरीसाठी मी आपणहून आले असते. फसवून कशाला —

२०
बुरुजापाशी आणलंय. वही घे, मीच म्हटलं. भरती लागली. कंबर — दगड. शेंदूर कालवताहेत. लिही, आजी रागावली आहे. गावावर नाय. तुझ्यावर. लिहिलंस? मालू, पेन्सिल का ठेवतेस, मला अजून —